पाठीवरचे छप्पर

यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मामेभावाच्या मुलाचा फोन आला. आगोटीची खरेदी चालली होती. "काका, तुम्ही जुन्या वस्तूंवर लिहिता ना, मग मला एवढं सांगा. पावसात खाडीवर जायला रेनकोट घ्यायचाय. हलका पाहिजे, आत घाम नको. कुठला घेऊ?"

प्रश्न साधा होता. पण 'बघून सांगतो' एवढेच बोलून मी फोन ठेवला, कारण याच प्रश्नाचे उत्तर मी एकदा न विचारता देऊन बसलो होतो आणि ते चुकले होते.

१९९१ साली मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी मामासाठी मुंबईच्या फुटपाथवरून एक रेनकोट घेतला. जाड प्लास्टिकचा, पायघोळ, टोपी आणि विजारीसह, गळ्यापर्यंत बटणांचा. मामा कुंडलिकेच्या खाडीकाठचा. बांधाच्या आत थोडी भातशेती आणि बांधाच्या बाहेर पाग घेऊन मासेमारी, असा त्याचा पावसाळा असे. तोवर पाऊस आला की तो डोक्यावर इरले घेई, आणि पाग टाकायचा झाला की तेही बांधावर ठेवून उघड्या अंगाने पाण्यात उतरे. शहरात नोकरीला लागलेल्या भाच्याला याची लाज वाटली असणार. आता तसे म्हणायला हरकत नाही.

त्या जुलैत मामाने तो रेनकोट सकाळी अंगावर चढवला आणि लावणी आटोपून, ओहोटी साधून, संध्याकाळपर्यंत काढला नाही. भाच्याने दिलेली वस्तू गावाला दिसायला हवी, हा त्यामागचा विचार. घरी आला तो झोकांड्या खात. ओकारी झाली, पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मामीने रेनकोट उतरवला तेव्हा आतून पाणी ओघळले म्हणे. तिने विहिरीचे पाणी डोक्यावर ओतले, मीठ घालून पेज पाजली. दोन दिवसांत मामा उठला. 'पित्त झालं असेल' असे सगळे म्हणाले. मला हे गणपतीत कळले. मामा हसत म्हणाला, "भायेरचं पानी बरं रं भाच्या, ते थंड तरी असतं. ह्ये आतलं पानी मला शिजवतंय."

ते पित्त नव्हते, उष्णतेचा आघात होता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून समजले. भर पावसात, चिंब भिजलेल्या गावात, एका माणसाला उष्णता बाधली होती आणि तिचे कारण मी दिलेली भेट होती. मामा आता नाही. त्याच्या नातवाला उत्तर देण्यापूर्वी मला हा सगळा विषय मुळापासून पाहणे भाग होते. पावसाळी कपड्यांवरची माझी टिपणे बरीच होती. त्यांतली एक नोंद मात्र मला आता टोचत होती : 'इरले : रेनकोट परवडत नसलेल्यांचे पावसाळी साधन.' ही नोंद माझ्याच हातची होती.

*

इरले तरुण वाचकांनी पाहिले असेलच असे नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. बांबूच्या पातळ कांब्यांची विरळ जाळी विणायची. तशीच दुसरी जाळी तिच्यावर बसवायची आणि दोहोंच्या मध्ये पळसासारखी रुंद पाने एकावर एक, कौले बसवावीत तशी लावायची. याला उलट्या होडीसारखा बाक द्यायचा. वरचे टोक डोक्यावर येते, बाकीचा भाग पाठीवरून कमरेखाली उतरतो. पुढून ते पूर्ण उघडे असते. दोन्ही हात मोकळे राहतात. भाताची लावणी करणारी बाई वाकली की तिची पाठ जमिनीला समांतर होते आणि इरले बरोबर त्या पाठीवर छपरासारखे बसते. एका हातात छत्री धरून लावणी होत नाही. शब्द जुना आहे. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिच्यात 'इरलें' आहे.

मी वर 'छपरासारखे' म्हटले. पुढचा सगळा लेख त्या एका शब्दाभोवती फिरणार आहे. इरले अंगाला चिकटत नाही. डोके आणि कमर एवढ्याच ठिकाणी त्याचा स्पर्श होतो. पाठ आणि इरले यांच्यामध्ये हवा असते, ती खालून शिरते आणि बाजूने निघून जाते. रेनकोटाचे तसे नाही. रेनकोट ही अंगावर चढवलेली दुसरी कातडी आहे. पावसापासून बचाव करण्याच्या या दोन अगदी वेगळ्या कल्पना आहेत, आणि जगाच्या वेगवेगळ्या हवामानांत त्या वेगवेगळ्या वाढल्या.

*

कातडीची कल्पना थंड समुद्रांवरची. उत्तर युरोपातल्या खलाशाला भिजणे परवडत नसे. तिथल्या पाण्यात आणि वाऱ्यात ओले अंग म्हणजे गारठून मरण. म्हणून शिडाच्या कापडाला डांबर फासून ते अंगावर घ्यायची पद्धत पडली. इंग्रजी 'टारपॉलिन' या शब्दात डांबर आहे ते यामुळे, आणि इंग्रज खलाशाला 'जॅक टार' म्हणत तेही. आपण त्याच कापडाला ताडपत्री म्हणतो आणि आपल्या कानाला त्यात ताडाचे पान ऐकू येते. डांबर नव्हे, पान. त्याकडे पुन्हा येऊच.

डांबरानंतर आले जवसाचे तेल. कापडाला तेलाचे थर द्यायचे आणि वाळवायचे, की त्याचे मेणकापडासारखे पाणी न शिरणारे कापड होते. नॉर्वेतल्या मॉस या गावी हेली युएल हान्सेन या जहाजाच्या कप्तानाने १८७७ साली पत्नी मार्गारेटच्या साथीने असे तेलपाजवलेले तागाचे कपडे बनवायला सुरुवात केली. त्या नावाची कंपनी आजही दर्यावर्दी कपडे करते. मासेमारांच्या रेनकोटाचा पिवळा रंग हा मुळात जवसाच्या तेलाचा रंग. पुढे तेल गेले, तरी लांबून दिसतो म्हणून रंग राहिला.

रबराची कथा आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे, कारण तिच्यात पहिल्यांदा उष्णता खलनायक म्हणून येते. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली एक पेटंट घेतले. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना डांबर उरे. त्या डांबरातून मिळणाऱ्या नॅप्थात रबर विरघळते. असे पातळ रबर दोन कापडांच्या मध्ये लावून ती चिकटवली की पाणी न शिरणारे कापड तयार होते. इंग्लंडमध्ये रेनकोटाला पुढे 'मॅकिंटॉश' हेच नाव पडले. पण ते रबर कच्चे होते. थंडीत ते पुठ्ठ्यासारखे ताठ होई, उन्हात चिकट होऊन वास मारी.

इंग्लंडमध्ये ही गैरसोय होती. अमेरिकेत ते संकट ठरले. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीने १८३०च्या दशकात मोठ्या उत्साहाने रबराच्या वस्तू काढल्या. तिथला उन्हाळा इंग्लंडपेक्षा कडक. वस्तू वितळून लगद्यासारख्या होऊन परत येऊ लागल्या. दुर्गंधी इतकी, की माल जमिनीत पुरावा लागला. या अपयशाच्या सावलीतच चार्ल्स गुडइयर रबरावर प्रयोग करत होता. गंधक मिसळून तापवलेले रबर उन्हात वितळत नाही आणि थंडीत कडक होत नाही, हे त्याला सापडले. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मॅकिंटॉशचा भागीदार टॉमस हॅन्कॉक त्याच वाटेवर पोचला होता.

रबराचा प्रश्न असा सुटला. आता ते उष्णतेत टिकणार होते. आतला माणूस टिकतो की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हे रबर आपल्याकडेही आले. सुरेंद्रमोहन बोस या स्वदेशीच्या विचारांच्या बंगाली माणसाने कलकत्त्यात १९२० साली बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग उभारला. 'डकबॅक' हे त्याचे नाव माझ्या पिढीच्या कित्येकांनी शाळेत जाताना पाठीवर वागवले आहे. माल स्वदेशी झाला. कपड्याचा घाट मात्र सगळीकडे थंड देशातलाच राहिला : गळाबंद, लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा. पुढे प्लास्टिक आले. अमेरिकेत वाल्डो सेमनने १९२६ साली पीव्हीसीला मऊ करण्याची युक्ती शोधली. इंग्लंडमध्ये १९३३ साली आयसीआयच्या प्रयोगशाळेत पॉलिथीन अपघाताने हाती लागले. यांनी रेनकोट स्वस्त केला, इतका की नव्याने नोकरीला लागलेल्या पोराला तो मामासाठी घेता यावा. घाट पुन्हा तोच.

*

आता आतल्या पाण्याबद्दल. काम करणारे शरीर ही एक भट्टी आहे. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा सुमारे चौथा भागच प्रत्यक्ष कामी लागतो, बाकीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मोठे साधन म्हणजे घाम. आणि घाम नुसता आल्याने नव्हे, तो वाळल्याने अंग निवते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम वाळला नाही, नुसता ओघळून विजारीत साठला, तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते आणि उष्णता तिथेच राहते. प्लास्टिकच्या कातडीत नेमके हेच घडते. मामाच्या पोटऱ्यांतले गोळे, अंधारी, ओकारी या सगळ्याचा अर्थ एवढाच होता. मामीने रेनकोट काढला, पाणी ओतले, मिठाची पेज दिली, यांतली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. तिने कुठलेही पुस्तक वाचलेले नव्हते.

घामाची अडचण युरोपातही ओळखली गेली होती. टॉमस बर्बेरीने १८७९ साली गॅबर्डीन काढले. सुताला आधीच पाणी न शोषणारे करून ते इतके घट्ट विणले, की पाऊस थोपेल पण हवा थोडी खेळेल. रबराच्या कोंडमाऱ्याला ते उत्तर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये 'व्हेंटाइल' नावाचे सुती कापड तयार झाले. भिजले की त्याचे सूत फुगते आणि विणीतली भोके बुजतात. थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते केले होते. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ओढण्याऐवजी झटक्यात ओढली आणि ती न तुटता कितीतरी पट ताणली गेली. त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळाला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. १९७६पासून 'गोरटेक्स' नावाने हे कापड बाजारात आहे. आज दुकानात 'ब्रीदेबल' म्हणून हजारो रुपयांना जे रेनकोट मिळतात, ते या घराण्यातले किंवा याच्या जवळपासचे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळेल असे मला वाटले होते. म्हणून थोडा हिशेब करून पाहिला. वाफ पडद्यातून आपण होऊन बाहेर जात नाही. आतल्या बाष्पाचा दाब बाहेरच्यापेक्षा जितका जास्त, तितक्या जोराने ती जाते. घामेजलेल्या ३४ अंशांच्या कातडीलगत हा दाब सुमारे ५३ हेक्टोपास्कल असतो. युरोपातल्या एखाद्या पावसाळी दिवशी हवा ५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर बाहेरचा दाब ८च्या आसपास. फरक ४५चा. कोकणातला जुलै २८ अंश आणि ९० टक्के धरा : बाहेरचा दाबच ३४. फरक उरतो १९. म्हणजे तोच पडदा, तीच किंमत, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात कापडाची बाहेरची बाजू भिजून पाणी धरू लागली, खारे पाणी आणि माशाचा चिकटा बसला, की तोही घटतो. कापडाचा दोष नाही. ज्या हवेसाठी ते जन्मले ती हवा आपली नव्हे.

याच १९च्या फरकावर उघडी कातडी मात्र कशीबशी भागवते, कारण तिच्यावरून वारा वाहतो, आणि पावसाचे पाणी स्वतःच अंगातली उष्णता घेऊन खाली ओघळते. मामाचे वाक्य मला या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवावेसे वाटले.

*

उष्ण पावसाच्या देशांनी मग काय केले? त्यांनी छप्पर केले. मेघालयात, जिथे चेरापुंजीला वर्षाला ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खासी लोक 'कनूप' वापरतात. बांबू आणि पानांची, कासवाच्या पाठीसारखी, डोक्यापासून गुडघ्याच्या मागे उतरणारी ढाल. आमच्या इरल्याची सख्खी बहीण शोभावी अशी. आसामात 'जापी' ही रुंद काठाची टोपी. केरळात शेतकरी आणि मासेमार डोक्यावर बसवायची ताडपत्राची 'तोप्पिक्कुडा' घालत. तिचा अर्थच टोपी-छत्री.

पूर्वेकडे गवताचा झगा दिसतो. जपानमधला 'मिनो' आणि चीनमधला 'स्वोयी' हे गवताच्या किंवा ताडवर्गीय झाडांच्या धाग्यांच्या उभ्या थरांचे केलेले असत. पाणी काडीवरून काडीवर घसरत खाली जाते, शाकारलेल्या घरावरून जाते तसे. हिरोशिगेच्या १८५७मधल्या प्रसिद्ध चित्रात पुलावर अचानक सर कोसळते. लोक छत्र्या आणि चटया डोक्यावर धरून पळत असतात, आणि मागे नदीत एकटा माणूस मिनो घालून आपला तराफा ढकलत असतो. त्या चित्रात घाई नसलेला बहुधा तो एकटाच. आठव्या शतकातल्या चांग चि-ह या चिनी कवीच्या मासेमारावरच्या कवितेत बांबूची टोपी आणि गवताचा झगा आहे, आणि तिथे तो दैन्याची खूण म्हणून येत नाही. सुखाने जगणाऱ्याचा वेष म्हणून येतो. माझ्या टिपणातल्या 'परवडत नसलेल्यांचे' या शब्दाला हे पहिले उत्तर मिळाले.

दुसरे उत्तर तर अंगणातच होते. पावसाळ्यात कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. पूर्वी नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप त्यांच्यावर घालत. खाली काठ्यांचा सांगाडा, वर झाप, बाजू मोकळ्या. घट्ट गुंडाळली तर आतल्या दमट हवेने लाकूड कुजते, हे कोळ्यांना ठाऊक होते. जे लाकडाला कळत होते ते मला माणसाच्या पाठीविषयी कळले नव्हते.

*

इथवर आल्यावर इरल्याची आरती ओवाळून लेख संपवणे सोपे होते. पण तसे केले तर तीही एक चूक होईल. मामा पाग टाकताना इरले बांधावर ठेवी, हे मी सुरुवातीलाच लिहिले आहे. पाग टाकणाऱ्याला जाळ्याची एक घडी खांद्यावर, एक हातात घेऊन कमरेपासून पिळा द्यावा लागतो, तेव्हा कुठे शिशाच्या गोळ्यांची कडा हवेत गोल फाकते. पाठीवर इरले असेल तर हे होणे नाही. होडीत उभे राहिले तर इरले शीड होते आणि वारा माणसालाच घेऊन जाऊ पाहतो. इरले कामाचे ते वाकून करायच्या कामात, बांधावर गरी टाकून बसण्यात, शेताच्या उतारावर चढणीच्या माशांची वाट पाहण्यात, आणि जाता-येता.

मग पाण्यात उतरलेला माणूस काय घालत असे? जवळजवळ काहीच नाही. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी किंवा फडके. अंगाला खोबरेल चोळलेले. एक कोरडा सदरा घरी किंवा होडीतल्या डब्यात. भिजायचे ते भिजायचे, अंग हलते ठेवायचे, आणि काम संपले की लगेच कोरडे व्हायचे. उष्ण पावसात सगळ्यात हलका पावसाळी वेष म्हणजे आपली कातडी, आणि तिच्या जोडीला राखून ठेवलेला एक कोरडा कपडा. यात एक अट आहे. वारा सुटला, काम थांबले, रात्र पडली, की २५ अंशांतही ओले अंग हुडहुडी भरवते. तेव्हा पाठीवर काहीतरी हवेच.

घाटावर हेच गणित उलटे होते, आणि तिथे घोंगडी आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, एका कोपऱ्यात दुमड घालून खोळ केलेली. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक-तृतीयांश ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, ढगात आणि वाऱ्यात दिवसभर मेंढरांमागे उभ्या राहणाऱ्याला तिच्यासारखे दुसरे काही नाही. तीच घोंगडी खाडीत उतरताना घेतली तर पाणी पिऊन माणसाला वाकवील. एकाच राज्यात, एकाच पावसात, घाटाच्या वर आणि खाली असे दोन वेगळे निर्णय शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदले. रेनकोट आला तेव्हा मात्र तो सगळ्यांसाठी एकच आला.

*

शेवटी मी मुलाला उत्तर दिले. मोटार लावलेल्या होड्यांना आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण वल्ह्याच्या पारंपरिक होड्यांना आणि पागवाल्यांना खाडी मोकळी असते. म्हणजे तो जाणार ते नेमके ऐन उष्ण पावसात. त्याला सांगितले ते थोडक्यात असे.

कापडाच्या नावाला भुलू नकोस, भोके कुठे आहेत ते बघ. कमरेपर्यंतचे, पातळ, अस्तर नसलेले, एक माप मोठे जॅकेट घे. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी असेल तर उत्तम. काखेत उघडता येणारी चेन असावी. मनगटे आवळू नकोस. अंगाला चिकटणारी टोपी नको, ती कानही बंद करते आणि बाजूचे दिसूही देत नाही. रुंद काठाची टोपी घाल. प्लास्टिकची विजार घेऊच नकोस, लवकर वाळणारी अर्धी चड्डी पुरे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून खाजणात उतरू नकोस, पाणी भरले की चिखलातून पाय उचलत नाही. सैल झगा बांधावर बसायला चांगला, होडीत दोर आणि जाळे असताना नको. लाइफ जॅकेट वरून घाल. रंग भडक घे. वल्हवताना, पाग टाकताना जॅकेट काढून ठेव आणि भिज. थांबलास की घाल. एक कोरडा सदरा पिशवीत बांधून ने. घरी आलास की गोड्या पाण्याने धू.

तो म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही मला अर्धा रेनकोट घ्यायला सांगताय."

खरे होते. पाठीवरची झडप, जाळी, काखेतली चेन, रुंद टोपी : रेनकोट बनवणारे गेली काही दशके कातडीला खिडक्या पाडत आहेत. थोड्या अधिक पाडल्या की छप्पर होते.

गणपतीला गावी गेलो तेव्हा त्याचे केशरी जॅकेट पडवीत खुंटीवर लटकत होते. दोन महिने वापरून विटलेले. त्याने त्याबद्दल काही तक्रार केली नाही, स्तुतीही केली नाही, यावरून ते बरे निघाले असावे. माळ्यावर मामाचे इरले सापडले. पाने कुस्करून गेली होती, बांबूची जाळी शाबूत होती. आता बाजारात येणाऱ्या इरल्यांत पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद घालतात. आम्हीही तेच केले. पुढच्या आवणाला सूनबाई ते वापरणार म्हणाल्या.

परत आल्यावर वही काढली. 'रेनकोट परवडत नसलेल्यांचे पावसाळी साधन' ही ओळ खोडली आणि तिथे लिहिले : 'इरले : उष्ण पावसात वाकून काम करणाऱ्याचे पाठीवरचे छप्पर. हवा खेळती. माहिती : मामा, जुलै १९९१.'